पसरणी घाट चढायला १.२ पेट्रोलला टर्बो बसवावा का?

घाटकरी (सातारा):
माझी २०१४ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, टर्बो नसलेली, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. सासरवाडी भिलारला, त्यामुळं दर पंधरा दिवसांनी वाई, पसरणी घाट, पाचगणी हा रस्ता ठरलेला. आई-वडील, बायको, पोरगी आणि डिकीत सामान. सपाटीला गाडीबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. घाट लागला की मात्र तिसऱ्यात दम टाकते, दुसऱ्यात घेतली की नुसती ओरडते, आणि मागं एसटी हॉर्न मारत असते.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. टर्बो नसलेलं इंजिन बाहेरच्या हवेचा जेवढा दाब, तेवढ्यावरच चालतं. वर चढाल तशी हवा विरळ होते. ढोबळ हिशेब दर १०० मीटरला १ टक्का ताकद कमी. वाई ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १३०० च्या. कागदावर ८३ हॉर्सपॉवर असलेलं इंजिन पाचगणीत पोचेपर्यंत ७२ वर येतं. टर्बोनं तर आपली लायकी डोंगरावरच दाखवली होती. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, ४३०० मीटरवर नेलं आणि टर्बो लावून त्यातून समुद्रसपाटीइतकी ताकद काढून दाखवली.

माझं मत असं: छोटा टर्बो, फक्त ०.४ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब), ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग. मला शर्यती लावायच्या नाहीत. डोंगर जेवढं काढून घेतो तेवढं परत पाहिजे. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट सांगा.

कुपवाडचा मेकॅनिक:
कारणासकटच सांगतो. गेल्या पावसाळ्यात असंच एक १.२ इंजिन माझ्याकडं आलं, दुसऱ्या एका गॅरेजात टर्बो बसवलेलं. आठ महिने चाललं होतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांमधली कडा तुटलेली. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, नखाला अडकेल असा ओरखडा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके, मिठाच्या कणाएवढे. हे ठिपके दिसले की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटणं, झालं होतं का, हे मालकाला विचारावं लागत नाही. ते ॲल्युमिनियम पिस्टनचंच असतं.

आता का झालं ते बघा. आजकालच्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांचं कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, अकराला एक, बाराला एक असं असतं. ३० अंशांची हवा ०.४ बारनं दाबली की ती ७५ अंशांच्या पुढं जाते. इंटरकूलर थोडी थंड करतो, मान्य. पण आधीच गरम झालेली ती जास्तीची हवा पिस्टन पुन्हा अकरा पट दाबतो. मग ठिणगी लागल्यावर आग नीट पसरायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा मार पडतो. घाटात तर हे पटकन होतं. ॲक्सिलरेटर दाबलेला, आरपीएम कमी, वेग नाही म्हणून बॉनेटखाली हवाही नाही.

दुसरं म्हणजे कंपनीचा मॅप सेन्सर, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. टर्बो नसलेल्या गाडीत बाहेरच्या दाबापेक्षा जास्त मोजायची वेळच येत नाही, त्यामुळं तो साधारण १ बारपर्यंतच वाचतो. त्याच्या वर ईसीयू आंधळा. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण लीन झालं की इंजिन संपलंच.

कृष्णाकाठ (सांगली):
मेकॅनिककाकांनी सांगितलं ते सगळं खरं आहे, पण ते अर्धवट कामाचं वर्णन आहे. मी स्वतःच्या गाडीवर केलंय, चार वर्षं झाली, गाडी रोज रस्त्यावर आहे. जुनी १.३ सेडान. आधी इंजिन पूर्ण उघडलं, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घालून कम्प्रेशन साडेआठला आणलं. पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, ३ बारचा मॅप सेन्सर, वेगळा ईसीयू. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर डॅशबोर्डवर कायमचा आहे, बूस्टमध्ये मिश्रण १२ ला १ च्या आसपास ठेवतो. टर्बो त्यातल्या त्यात स्वस्त पडला, खिसा बाकीच्या कामांनी रिकामा केला.

लोक जिथं हमखास चुकतात ते सांगतो. टर्बोच्या ऑइलची परतीची नळी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभराच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल वरून दाबानं येतं, पण खाली फक्त स्वतःच्या वजनानं जातं. नळी जाड पाहिजे, सरळ उताराची पाहिजे, आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. माझी पहिल्यांदा आडवी बसवली होती. थंड गाडी सुरू केली की निळा धूर. सगळे म्हणाले टर्बोचं सील गेलं. सील शाबूत होतं, ऑइलला खाली उतरायला वाट नव्हती. संपला भोक पाडून नळी सरळ केली, धूर बंद.

शिवाय आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतंय. आपल्याच सातारा-सांगलीच्या उसातलं इथेनॉल त्यात असतं. ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होता टिकायची ताकद, ९५ च्या घरात, आणि इथेनॉल वाफ होताना हवेतली उष्णता जास्त ओढून घेतं. टर्बोला दोन्ही गोष्टी फायद्याच्या. ०.४ बार म्हणजे काही अवाजवी मागणी नाही.

कुपवाडचा मेकॅनिक:
भाऊ, तुमचं काम चांगलंच झालेलं दिसतंय. पण तुम्ही इंजिन उघडून केलंत, आणि घाटकरींना ते बंद ठेवून करायचंय. इथेनॉलचं म्हणाल तर त्यात ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. मूळचे इंजेक्टर बूस्टमध्ये आधीच पूर्ण उघडे असतात, त्यात हा आणखी बोजा.

जुनी मोटार (मिरज):
उदाहरण फार जुनं आहे. १९६२ ची ओल्ड्समोबाइल जेटफायर, टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या दोन मोटारींपैकी एक. कम्प्रेशन सव्वादहाला एक ठेवलं आणि त्यावर टर्बो. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली, त्याची वेगळी टाकी होती. मालक ती टाकी भरायला विसरायचे. शेवटी कंपनीनंच अनेकांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही गत झाली.

कृष्णाकाठ (सांगली):
१९६२ मध्ये नॉक सेन्सर नव्हता. २०१८ ची टियागो जेटीपी बघा की. १.२ लिटरच, साध्या टियागोत ८५ पीएस आणि टर्बोवाल्या जेटीपीत ११४.

कुपवाडचा मेकॅनिक:
ते इंजिन कारखान्यातूनच टर्बोसाठी बांधून आलेलं. पिस्टन, कम्प्रेशन, कूलिंग, सगळं त्या हिशेबानं. त्यावरून घरच्या गाडीचा अंदाज बांधता येत नाही.

कागदपत्रं (कराड):
इंजिनाचं तुम्ही बघा, मी कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मुळात जे दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटला मंजुरी असते, आरसीवर नोंद होते, म्हणून ते चालतं. आणि उद्या घाटात काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडून बघणार. गाडीत म्हातारे आई-वडील आणि लहान मूल बसणार आहे. माझा स्पष्ट विरोध आहे.

भिलारची लेक:
मी बारा वर्षं याच घाटानं जाते, अशाच १.२ गाडीनं, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत मागची सीट पाडून क्रेट भरून. दुसऱ्या गिअरमध्ये ओरडते म्हणालात, मग ओरडू द्या ना! या इंजिनांचा खरा जोर चार हजार आरपीएमला असतो. आपण दोन हजारावर तिसरा टाकतो आणि पिकअप नाही म्हणतो. वळणाच्या आधी दुसरा घ्या, वळणात पाय स्थिर ठेवा, खड्या चढाला एसी दोन मिनिटं बंद करा. एवढं करूनही चढत नसेल, तर दादा, गाडीत काहीतरी बिघाड आहे. पाच माणसं घेऊन पाचगणी चढू नये इतकं ते इंजिन लेचंपेचं नाही.

घाटकरी (सातारा):
ताई, तुमचं वाचून या रविवारी तसंच चालवून बघितलं. फरक पडला, पण चार हजाराला जो जोर यायला पाहिजे तो येत नाही. सोमवारी इथल्या मिस्त्रीकडून कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, करून घेतली. एक, दोन, चार नंबरला १८० पीएसआयच्या वर. तीन नंबरला १३५. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, तरी १४० च्या पुढं जाईना.

कुपवाडचा मेकॅनिक:
रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून दाब वाढला असता. ऑइल सोडूनही वाढत नाही म्हणजे रिंगा ठीक आहेत. व्हॉल्व्ह लीक असणार, नाहीतर हेड गॅसकेट. हेड उतरवा, व्हॉल्व्ह लॅपिंग करा (घासून नीट बसवा), हेडची फेस तपासून घ्या. ही अशी गाडी टर्बो लावून घाटात गेली असती तर तो व्हॉल्व्ह आधी जळाला असता.

कृष्णाकाठ (सांगली):
हे मला मान्य. पण हेड उतरतंयच तर घाटकरी, पिस्टनचाही विचार करून ठेवा. इंजिन एकदाच उघडेल, खर्च एकदाच होईल.

कागदपत्रं (कराड):
आरसी एकदा परत वाचा.

घाटकरी (सातारा):
टर्बोचा विचार मी सोडलेला नाही. पण हेड बुधवारी उतरतंय, आणि पिस्टनला हात लावू नका असं मिस्त्रीला सांगितलंय. आधी चारही सिलिंडर १८० वर येऊ देत, मग भिलारला जाऊन येतो.