कॉन्स्तान्तिन बेस्कोव यांना १९६४ मध्ये पदावरून का काढले?

मैदानप्रेमी:
१९६४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघ माद्रिदमध्ये स्पेनकडून २-१ असा हरला आणि त्यानंतर प्रशिक्षक बेस्कोव यांना दूर करण्यात आले. युरोपात दुसरा क्रमांक मिळवूनही असे का व्हावे? डायनॅमो मॉस्कोचा हा नामवंत आघाडीवीर प्रशिक्षक म्हणून खरोखर कमी पडला का?

जुना प्रेक्षक:
कारण राजकीय होते, असे माझे ठाम मत आहे. १९६० मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने स्पेनच्या संघाला सोव्हिएत संघाशी खेळूच दिले नव्हते. चार वर्षांनी तोच फ्रँको प्रेक्षागारात बसलेला असताना, स्पेनच्या मार्सेलिनोच्या शेवटच्या काही मिनिटांतील गोलमुळे झालेला पराभव मॉस्कोला सहन होणे शक्यच नव्हते. कमी पडल्याचे म्हणाल, तर १९७२ मध्ये त्यांनी डायनॅमोला युरोपातील कपविजेत्यांच्या चषकाच्या (देशोदेशीच्या चषकविजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत नेले, आणि तिथवर पोहोचलेला तो पहिला सोव्हिएत क्लब होता. तेथेही स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून ३-२ अशी हार पत्करावी लागली, हे दुर्दैव.

वोल्गाकाठ:
त्यांचे खरे काम मॉस्कोच्याच स्पार्टाक क्लबमध्ये दिसते. १९७६ मध्ये हा संघ खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा प्रतिस्पर्धी डायनॅमोच्या माणसाकडे तो सोपवण्यात आला. पुढच्याच वर्षी संघ वर आला आणि १९७९ मध्ये विजेता ठरला. कोस्त्रोमाच्या संघातून आणलेला, वयाच्या तिशीकडे झुकलेला यार्त्सेव १९७८ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करतो, याचे श्रेय मी बेस्कोव यांच्या आघाडीवीराच्या नजरेला देतो, कारण डायनॅमोच्या १९४५ च्या ब्रिटन दौऱ्यात स्वतः गाजलेल्या माणसाला मोकळी जागा ओळखणारा खेळाडू लगेच कळणारच. चेंडू जमिनीवर ठेवून आखूड पासांनी खेळणाऱ्या याच स्पार्टाकने १९८२ मध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ५-२ असे हरवले.

मैदानप्रेमी:
मनापासून आभार. मग स्पार्टाकमध्ये तरी त्यांना न्याय मिळाला का?

जुना प्रेक्षक:
पूर्णपणे नाही. १९८० ते १९८५ या सहा हंगामांत संघ पाच वेळा दुसरा आला. १९८७ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळाले, तरी १९८८ च्या अखेरीस त्यांना जावे लागले. त्यानंतर, १९९५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांनी डायनॅमोला रशियाचा चषक जिंकून दिला. रोटर व्होल्गोग्राडविरुद्धचा तो अंतिम सामना पेनल्टींवर सुटला होता.