मदत हवी आहे: पत्त्यांवर जगणाऱ्या भाच्याला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव वडगावचे, घरचे दोन माग आहेत. माझा भाचा, वय २६, डिप्लोमा झालेला. वर्षभर चोर्ला घाटातून पणजीला जातो आणि मांडवीतल्या कॅसिनोत पोकर, म्हणजे पैसे लावून पत्त्यांचा डाव, खेळतो. "मामा, हा माझा धंदा आहे," म्हणतो. दारू नाही, उधारी नाही. वहीत रोजचा हिशेब: जिंकलेलं निळ्या शाईत, हरलेलं लाल, पुढं किती तास बसला तेसुद्धा. वही मी स्वतः बघितली. निळं जास्त आहे. त्यामुळं "बुडशील रे" म्हणून भागत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात आणि कॅसिनो डावातून आपला वाटा काढून घेतो. म्हणजे याचा प्रत्येक रुपया कुणाच्या तरी खिशातून आलेला. माझ्या मागावरून साडी उतरते, कुणीतरी ती नेसते. त्याच्या टेबलावरून काय उतरतं?

विचारलं तर म्हणतो, "रोज शेअरची खरेदी-विक्री करणारा तरी काय विणतो?" वर सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा रमीचा निकाल दाखवतो, कौशल्याचा खेळ म्हणून. कौशल्य आहे, मान्य. पण तेवढ्यानं ते काम लोकांच्या उपयोगाचं होतं का?

इथं मी अडकलोय. शेअर बाजारातल्या कुणीतरी फरक नीट समजावून सांगा. असं जगून बाहेर पडलेलं कुणी असेल तर त्यानंही लिहा. रविवारी तो घरी येणार आहे, आणि ताईनं बोलायचं काम माझ्यावर टाकलंय.