एरवीचं की डोकं फिरल्यावरचं?

माणूस किती उतावळा आहे हे मोजायचं तर 'प्रश्नावलीत माणूस स्वतःला चांगलंच दाखवणार, त्यापेक्षा संगणकावर बटण दाबायची चाचणी बरी' असं काही जण म्हणतात. ते मत मला अर्धंच पटतं. लपवाछपवी होते, खरंय. पण उतावळेपणाच्या या दोन मोजण्या एकच गोष्ट मोजत नाहीत, म्हणून तर त्यांच्या निकालांचा एकमेकांशी संबंध अगदी क्षीण निघतो. चाचणी तेवढ्या दहा मिनिटांतला संयम पाहते, प्रश्नावली वर्षानुवर्षांचा स्वभाव विचारते.

व्यसनमुक्ती केंद्रात मी बॅरट मापनी ही उतावळेपणाची प्रश्नावली (३० विधानं, प्रत्येकी १ ते ४ गुण) मराठीतून भरून घ्यायचे. विचार न करता वागण्याबद्दलच्या विधानापाशी रिक्षा चालवणारे एक काका थांबले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, एरवीचं लिहू की डोकं फिरल्यावरचं?" किती नेमका प्रश्न! बॅरटमध्ये लक्ष, कृती आणि नियोजन असे तीन घटक आहेत. भावनेच्या भरात होणाऱ्या वागण्याला वेगळा रकानाच नाही. व्हाइटसाइड आणि लिनम या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ च्या यूपीपीएस या दुसऱ्या प्रश्नावलीत तो आहे. तेव्हापासून दारू किंवा रागाचा प्रश्न असला की मी नुसत्या बॅरटच्या बेरजेवर विसंबत नाही, दोन्ही प्रश्नावल्या भरून घेते.