‘डीमर्जर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (कोथरूड) : ज्येष्ठ नागरिक गुंतवणूकदारांसाठी एक माहितीपत्रक तयार करीत आहे. टाटा मोटर्सच्या बातम्यांत ‘विभाजन’, ‘विलगीकरण’ आणि ‘डीमर्जर’ हे तिन्ही शब्द वाचायला मिळाले. यांपैकी नेमका कोणता वापरावा?

उत्तर (सदाशिव पेठ) : ‘विभाजन’ टाळावे. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर होतात, त्यास आपण ‘समभाग विभाजन’ म्हणतो. तोच शब्द येथे योजल्यास, कंपनी होती तशीच राहिली आणि केवळ शेअरांची संख्या वाढली, असा वाचकाचा समज होईल. ‘विघटन’ तर मुळीच नको, कारण त्यातून कंपनी मोडीत निघाल्याचा अर्थ निघतो. ‘विलगीकरण’ करोनाच्या काळात रुग्णालयाच्या वाऱ्या करून आला असला, तरी एका कंपनीतील एखादा व्यवसाय मालमत्तेसह आणि देण्यांसह वेगळा काढून दुसऱ्या कंपनीकडे सोपवणे, हा अर्थ तो व्यवस्थित पेलतो. पहिल्या उल्लेखात ‘विलगीकरण, म्हणजेच डीमर्जर’ असे लिहावे. दलालाच्या पत्रांत आणि ॲपवर वाचकाला दुसराच शब्द भेटणार आहे.

उत्तर (आकुर्डी) : ‘विलगीकरण’ मान्य. माझ्या मते खरी अडचण ‘मूळ कंपनी’ आणि ‘नवी कंपनी’ या शब्दांची आहे, आणि पुण्याशी नाते असलेली तीन उदाहरणे पाहिली तर ती लगेच ध्यानात येते. 2008 मध्ये बजाज ऑटोचे विलगीकरण झाले, तेव्हा जुन्या शेअरधारकाला एका शेअरमागे वाहन कंपनीचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. परंतु ‘बजाज ऑटो’ हे नाव नव्या वाहन कंपनीकडे गेले आणि जुनी कंपनी ‘बजाज होल्डिंग्ज’ झाली. 2019 मध्ये केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत हेच घडले : जुनी कंपनी बिर्लासॉफ्ट झाली, आणि अभियांत्रिकी व्यवसाय घेऊन बाहेर पडलेल्या कंपनीला केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे नाव मिळाले. टाटा मोटर्समध्ये 2025 साली पुन्हा तोच क्रम दिसला. व्यापारी वाहनांची नवी कंपनी आज ‘टाटा मोटर्स’ म्हणवते, तर जुन्या कंपनीच्या नावात ‘पॅसेंजर व्हेइकल्स’ची भर पडली आहे. ‘मूळ टाटा मोटर्स’ असे लिहिल्यास निम्मे वाचक ट्रकवाली कंपनी समजतील आणि निम्मे मोटारवाली. म्हणून ‘विलगीकरण करणारी कंपनी’ आणि ‘व्यवसाय स्वीकारणारी कंपनी’ असे लिहावे. शब्द लांबतात, पण घोटाळा होत नाही.

पूरक प्रश्न (कोथरूड) : आभारी आहे. ‘एका शेअरवर एक शेअर मोफत’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर (डेक्कन जिमखाना, सनदी लेखापाल) : कृपया लिहू नये. ‘मोफत’ म्हटले की वाचक त्यास बक्षीस समभाग (बोनस शेअर) समजतो आणि दुसऱ्या दिवशी भाव उतरलेला पाहून धास्तावतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी टाटा मोटर्सचा भाव आदल्या दिवशीच्या 660.75 रुपयांवरून 400 रुपयांवर उघडला, कारण व्यापारी वाहनांचे मूल्य त्यातून बाहेर पडले होते. व्यापारी वाहन कंपनीचे शेअर गुंतवणूकदाराच्या नावावर होणार होतेच, पण त्यांची बाजारातील नोंदणी 12 नोव्हेंबरला झाली. मधल्या काळात ॲपवर दिसलेली लाल आकडेवारी म्हणजे तोटा नव्हे, एवढे एक वाक्य माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असावे.

करासाठी ‘खरेदी किंमतीची वाटणी’ हा शब्दप्रयोग मी सुचवीन. आयकर कायद्याच्या अटी पाळून झालेल्या विलगीकरणात नवे शेअर मिळाले म्हणून कर लागत नाही. जुनी खरेदी किंमत दोन्ही शेअरांत वाटली जाते आणि जुना धारणकाळ, म्हणजे शेअर बाळगल्याचा कालावधी, नव्या शेअरलाही लागू होतो. ही वाटणी बाजारभावाने होत नाही, ती हस्तांतरित मालमत्तेच्या निव्वळ पुस्तकी मूल्याच्या, म्हणजे हिशेबवहीत देणी वजा करून उरणाऱ्या मूल्याच्या, प्रमाणात होते. रिलायन्स आणि तिच्यातून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल यांच्यासाठी कंपनीने 95.32 आणि 4.68 टक्के हे प्रमाण कळवले होते. विलगीकरणाच्या दिवशीच्या बाजारात मात्र रिलायन्सच्या आदल्या दिवशीच्या 2,841.85 रुपयांपैकी 261.85 रुपये, म्हणजे सुमारे 9.2 टक्के, जिओच्या वाट्याला आले. बाजारभावाने हिशेब करणाऱ्याचा भांडवली नफा चुकतो.

उत्तर (सदाशिव पेठ) : एक भर. उपकंपनीच्या प्रारंभिक भागविक्रीला (आयपीओला) ‘विलगीकरण’ म्हणू नये. सप्टेंबर 2024 मध्ये बजाज हाउसिंग फायनान्सचे शेअर आले, तेव्हा बजाज फायनान्सच्या शेअरधारकाला अर्जासाठी राखीव हिस्सा होता, पण 70 रुपये दराने पैसे भरावे लागले आणि शेअर मिळण्याची हमीही नव्हती. विलगीकरणात अर्ज नसतो आणि पैसेही भरावे लागत नाहीत. नोंद दिनांकास, म्हणजे शेअरधारकांची यादी पक्की होते त्या दिवशी, डीमॅट खात्यात शेअर असले म्हणजे पुरे.