मदत हवी आहे: नायट्रो बग्गीचं इंजिन तापलं की आयडलवर बंद पडतं

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. १/८ स्केलची नायट्रो बग्गी (छोट्या इंजिनावर धावणारी रिमोटची मॉडेल गाडी) आहे, २५ टक्के नायट्रोमिथेन मिसळलेलं मिथेनॉलचं इंधन. सड्यावरच (कातळाच्या माळावर) चालवतो, पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत) नेत नाही, बारीक रेती फिल्टरमधून आत गेली की पिस्टन-स्लीव्हची वाट लागते.

थंड इंजिन पटकन सुरू होतं. फुल थ्रॉटलला धुराची रेघ छान दिसते, हेडचं तापमान ११० अंशांच्या आसपास. पण तापल्यावर गाडी थांबवली रे थांबवली, की आरपीएम आपोआप चढतात आणि इंजिन बंद! ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार) नवा आहे. आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबली तर इंजिन तत्क्षणी मरतं, दोन-तीन सेकंदही तग धरत नाही. लक्षणं लीनची (हवेच्या मानाने इंधन कमी), म्हणून लो-स्पीड नीडल (आयडलला इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) थोडी थोडी उघडत गेलो. तेवढ्यापुरतं बरं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सेटिंग असं सरकतंय म्हणजे कुठून तरी हवा ओढली जात असणार. कार्बोरेटरच्या मानेची ओ-रिंग (रबरी सील) की बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण)? इंजिन पूर्ण न उघडता गळती कशी शोधायची?

दुसरी शंका इंधनाची. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि डबा अख्खा पावसाळा अर्धवट भरलेला होता. आपल्याकडची दमट हवा माहीतच आहे. आधी इंधन बदलून बघू की ओ-रिंग? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी इंधन कसं साठवता तेही कृपया सांगा. हे इंजिन मला मनापासून वाचवायचं आहे.