विषय: विलची पिन काढली, आता?

मंडळी, घाईत लिहितेय. सासऱ्यांच्या मूळ विलची स्टेपलची पिन ह्यांनी काल रात्री उपटली, पानं स्कॅनरमधून सरळ जाईनात म्हणून. आठ पानं, डाव्या कोपऱ्यात आता दोन भोकं. सोमवारी प्रोबेटला, म्हणजे विलला मान्यता देणाऱ्या इथल्या इंग्लंडच्या सरकारी कचेरीला, पोस्टाने पाठवायचंय. त्याच भोकांतून परत पिन मारू?
– मंजिरी

अजिबात नको! भोकं दिसली की प्रोबेटवाल्यांना पहिली शंका येते, विलला आणखी काही जोडलेलं होतं आणि ते काढून घेतलं का? आमच्या बाबांच्या विलवर नुसता पेपरक्लिपचा गंज उमटला होता, तरी खुलासा मागितला. पिन कोणी, कधी, कशासाठी काढली आणि दुसरं काही जोडलेलं नव्हतं, हे लिहून सहीनिशी सोबतच पाठव.
– विवेक

हे सगळं मी गेल्या वर्षीच्या माहिती-सत्रात सांगितलं होतं. बारा डोकी होती, त्यातली निम्मी चहापुरती. आणि असे प्रश्न आधी कार्यकारिणीकडे पाठवायचे ठरलंय ना?
– सुरेशकाका

काका, ते हॉलच्या हिशेबाबद्दल ठरलं होतं. मंजिरी, घर सासूबाईंबरोबर 'जॉइंट टेनंट्स' म्हणून असेल तर ते विलप्रमाणे जातच नाही, थेट त्यांचं होतं. 'टेनंट्स इन कॉमन' असेल तर सासऱ्यांचा हिस्सा विलप्रमाणे. लँड रजिस्ट्रीतून उतारा काढ.
– अनघा

तिने घराचं विचारलंच नाहीये.
– विवेक

विचारणारच होते! बँकेचं काम ह्यांच्याकडच्या पॉवर ऑफ अटर्नीवर होईल ना?
– मंजिरी

नाही. पॉवर ऑफ अटर्नी माणसाबरोबर संपते. आता सही एक्झिक्युटरची, म्हणजे विलमध्ये नाव असेल त्याची. मुंबईचा भाऊ तिकडचे नियम सांगेल, ते इथे लावू नका. बायकोला जाणाऱ्या मालमत्तेवर सहसा इन्हेरिटन्स टॅक्स नाही. बाकीच्यांना जाणारं ३,२५,००० पौंडांच्या वर असेल तर हिशेब मांडावा लागेल. टॅक्स निघाला तर मृत्यूनंतरच्या सहाव्या महिन्याअखेर भरायचा, नाहीतर व्याज. ग्रँटची, म्हणजे प्रोबेटच्या मंजुरीपत्राची, वाट बघत बसू नका. हेही सत्रात होतं.
– सुरेशकाका

ह्यांनी कचऱ्याच्या पिशवीतून पिन शोधून काढलीय. वाकडी आहे. खुलाशाबरोबर पाकिटात घालू?
– मंजिरी

नको.
– विवेक