मोटारीच्या विम्यात मुलाचे आणि चालकाचे नाव घालावे लागते का?

प्रश्न (जळगाव): मोटार माझ्या नावावर आहे, मात्र धुळ्याला जाताना ती मुलगा चालवतो आणि रावेरच्या केळीच्या बागेत जाण्यासाठी मी पगारी चालक ठेवला आहे. पॉलिसीत दोघांची नावे घालावी लागतील का?

उत्तर (भुसावळ): नाही. आपल्याकडे विमा वाहनाचा असतो. मालकाच्या परवानगीने वैध परवानाधारक मोटार चालवत असेल, तर संरक्षण लागू राहते. परवान्याची मुदत मात्र स्वतः तपासा, दावा अनेकदा तिथेच अडतो.

उत्तर (नंदुरबार): एक भर घालतो. १५ लाख रुपयांचे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला, म्हणजे तुम्हाला मिळते, मुलाला नाही. त्याच्यासाठी वेगळे अपघात संरक्षण घ्यावे, आणि पगारी चालकासाठी कायदेशीर दायित्वाचे जोडसंरक्षण (म्हणजे कामावर असताना त्याला अपघात झाल्यास मालकावर येणाऱ्या भरपाईसाठीचे) घ्यावे, ज्याचा हप्ता अगदीच किरकोळ असतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही मागून घेतो.